शाओलिनचा दंड आणि बोधिधर्माची दंतकथा

‘कुंग फू मुळात आपलाच; बोधिधर्म नावाच्या भारतीय भिक्षूने तो चीनमध्ये नेला,’ हे विधान आपल्याकडे इतक्या वेळा ऐकायला आणि वाचायला मिळते, की ते तपासून पाहावे असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. कराटेच्या वर्गात ते सांगितले जाते. २०११ मध्ये प्रदर्शित झालेल्या ‘एळाम अरिवु’ या तमिळ चित्रपटाने तर बोधिधर्माला थेट पडद्यावर आणले. अभिमान सुखावणाऱ्या गोष्टी लवकर पसरतात, यात नवल नाही. परंतु शाओलिन मठातील शिलालेख आणि जुने ग्रंथ वाचू लागल्यावर एक वेगळाच इतिहास समोर येतो. तो दंतकथेइतका सोपा नाही, मात्र तिच्यापेक्षा कितीतरी अधिक मानवी आहे.

चीनच्या हेनान प्रांतात, लोयांग या प्राचीन राजधानीपासून जवळच सोंग पर्वत आहे. या पर्वतातील शाओशी शिखराच्या पायथ्याच्या वनात वसलेला मठ म्हणून त्याचे नाव शाओलिन. उत्तर वेई घराण्याचा सम्राट श्याओवेन याने इसवी सन ४९५ च्या सुमारास तो उभारला, आणि तो एका भारतीय भिक्षूसाठीच उभारला. त्या भिक्षूचे नाव मात्र बोधिधर्म नव्हे. चिनी ग्रंथ त्याला ‘बातुओ’ म्हणतात. ध्यानसाधना हे त्याचे क्षेत्र होते. आरंभीच्या काळातील शाओलिन हे ध्यान आणि धर्मग्रंथांचा अनुवाद यांचे केंद्र होते. तेथे युद्धकलेचे शिक्षण दिले जात असल्याचा उल्लेख सापडत नाही.

बोधिधर्माचा सर्वात जुना उल्लेख लोयांगमधील विहारांचे वर्णन करणाऱ्या, ५४७ च्या सुमारास लिहिलेल्या एका ग्रंथात येतो. तेथे तो पश्चिमेकडून आलेला, इराणी वंशाचा एक वयोवृद्ध भिक्षू आहे आणि एका भव्य स्तूपाकडे पाहून तो थक्क झाला आहे. तो दक्षिण भारतातील राजपुत्र असल्याची नोंद दुसऱ्या एका लेखकाची आहे. सोंग पर्वतावरील गुहेत भिंतीकडे तोंड करून त्याने नऊ वर्षे ध्यान केले, ही कथा पुढच्या काही शतकांत आकाराला आली. संस्कृत ‘ध्यान’ या शब्दाचे चिनी भाषेत ‘चान’ झाले आणि जपानमध्ये ‘झेन’. या पंथाचा आद्य आचार्य म्हणून बोधिधर्माचे स्थान मोठेच आहे. मात्र यांपैकी कोणत्याही जुन्या नोंदीत त्याने कोणाला ठोसा किंवा लाथ मारायला शिकवल्याचे लिहिलेले नाही.

मग भिक्षूंच्या हाती शस्त्र आले कसे? याचे उत्तर मठाच्या आवारातील, ७२८ मध्ये उभारलेल्या एका शिळेवर आहे. सातव्या शतकाच्या आरंभी सुई घराण्याची सत्ता कोसळली आणि देशभर यादवी माजली. शाओलिनला पूर्वी राजाकडून इनाम मिळालेली एक मोठी शेतजमीन होती. लोयांग बळकावून बसलेल्या वांग शिचोंग या सेनापतीने ती ताब्यात घेतली. ६२१ मध्ये मठातील भिक्षूंनी वांगच्या सैन्यावर हल्ला चढवला, त्याच्या पुतण्याला कैद केले आणि त्याचा प्रतिस्पर्धी ली शिमिन याच्या हवाली केले. हाच ली शिमिन पाच वर्षांनी तांग घराण्याचा सम्राट झाला. या कामगिरीत सहभागी झालेल्या तेरा भिक्षूंची नावे शिळेवर कोरलेली आहेत. ते कसे लढले, कोणते डाव टाकले, याविषयी शिळा अवाक्षरही काढत नाही. तिचा हेतू निराळाच होता. नव्या राजवटीवर आपले उपकार आहेत, म्हणून आपल्या जमिनीला धक्का लावू नये, हे मठाला दगडावर लिहून ठेवायचे होते. शाओलिनच्या युद्धपरंपरेचा हा पहिला ठोस पुरावा आहे आणि त्याच्या मुळाशी एक जमिनीचा तंटा आहे.

या सम्राटाचा आपल्याला परिचित असलेल्या एका प्रवाशाशीही संबंध येतो. महाराष्ट्रातील लोकांच्या स्वाभिमानाचे वर्णन करणारा ह्युएन त्संग ६४५ मध्ये मायदेशी परतला. सोबत नेलेल्या ग्रंथांचा अनुवाद शाओलिनच्या शांततेत बसून करण्याची परवानगी त्याने मागितली. सम्राटाने ती नाकारली. म्हणजे ज्या मठाच्या लढवय्या भिक्षूंनी सम्राटाला मदत केली होती, तोच मठ त्या काळच्या थोर पंडिताला मात्र अभ्यासाचे ठिकाण म्हणून हवा होता. शाओलिनची ही दोन्ही रूपे प्रारंभापासून शेजारी शेजारी नांदत आली आहेत.

भारताचा शाओलिनच्या शस्त्रविद्येशी संबंधच नाही, असे मात्र नव्हे. तो आहे, परंतु निराळ्या जागी. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात पद्मपाणीच्या चित्रासमोर, गाभाऱ्याच्या दुसऱ्या बाजूला जो बोधिसत्त्व रंगवला आहे, तो वज्रपाणी म्हणून ओळखला जातो. हातात वज्र धारण करणारा हा बुद्धाचा रक्षक बौद्ध धर्माबरोबर चीनमध्ये पोहोचला आणि तेथे शक्तीची देवता बनला. शाओलिनशी संबंधित असलेल्या सेंगचौ नावाच्या भिक्षूची एक कथा आठव्या शतकात लिहून ठेवलेली आहे. सोबत्यांच्या छळाला कंटाळून तो वज्रपाणीची करुणा भाकतो. देव प्रकट होतो, त्याला मांस खाऊ घालतो आणि अचाट बळ देतो. बाराव्या शतकाच्या सुमारास मठाच्या शिळांवर हा रक्षक ‘नालुओयान’ म्हणजे नारायण या नावाने दिसतो. पुढे १५१७ च्या शिलालेखात तो ‘जिन्नालुओ’ म्हणजे किन्नर झाला आहे. दरोडेखोरांची धाड आली असता मठाच्या स्वयंपाकघरातील एक साधा सेवक चुलीतील लाकूड घेऊन धावला, पर्वताएवढा मोठा झाला आणि शत्रू पळून गेला, अशी त्याची कथा. भिक्षू आपल्या दंडविद्येचे श्रेय याच किन्नराला देत असत. प्रत्यक्षात चौदाव्या शतकाच्या मध्यावरील बंडाळीत मठाची मोठी हानी झाली होती. इतिहासातील पराभवाची भरपाई दंतकथेने अशी केली.

शाओलिनचे पहिले प्रसिद्ध शस्त्र हा दंडच होता. प्रवासात भिक्षूजवळ काठी असणे स्वाभाविक, आणि ती तलवारीइतकी उघड हिंसक दिसत नाही, ही त्यामागची सोय असावी. सोळाव्या शतकात चीनच्या किनाऱ्यावर समुद्री चाच्यांचा उपद्रव वाढला तेव्हा सरकारने भिक्षूंनाही लढाईत उतरवले. १५५३ मध्ये शांघायच्या परिसरातील चकमकीत शंभराहून अधिक चाचे मारले गेले, भिक्षू मात्र चारच पडले. या विजयाने त्यांची कीर्ती देशभर झाली. त्याच हकिगतीत आणखी एक तपशील आहे. पळून जाणाऱ्या एका चाच्याच्या पत्नीला एका भिक्षूने लोखंडी दंडाने ठार केले. प्राणिहत्या न करण्याचे व्रत घेतलेल्या माणसाच्या हातून घडलेली ही कृती कोणत्याही तत्त्वज्ञानाने झाकता येत नाही. मठाच्या बचावासाठी उचललेली काठी एकदा हातात आली, की ती कोठे थांबेल हे सांगता येत नाही, हा या परंपरेतील सर्वात अवघड प्रश्न आहे.

याच काळातील दुसरी एक घटना शाओलिनच्या वृत्तीविषयी बरेच काही सांगते. यू दायो हा मिंग राजवटीतील नामवंत सेनापती आणि दंडविद्येचा जाणकार. शाओलिनची ख्याती ऐकून तो १५६१ च्या सुमारास मठात गेला आणि भिक्षूंची प्रात्यक्षिके पाहून निराश झाला. मूळ विद्येतील मर्म हरवले आहे, असे त्याने मठाधिपतीला स्पष्टच सांगितले. आज एखाद्या नामांकित घराण्याला असे कोणी सुनावले तर काय होईल, याची कल्पना करावी. मठाधिपतीने उलट, आम्हाला शिकवा, अशी विनंती केली. दोन तरुण भिक्षू सेनापतीबरोबर दक्षिणेकडे गेले, तीन वर्षे छावणीत राहिले आणि शिकून परत आले. ‘प्राचीन आणि अखंड’ म्हणून ज्या विद्येचा गौरव होतो, ती अशी मध्येच एका बाहेरच्या माणसाकडून दुरुस्त करून घेतलेली आहे.

हातापायांनी लढण्याची शाओलिनची कला त्याहूनही उशिरा बहरली. चेंग झोंगयो या अभ्यासकाने मठात दहा वर्षांहून अधिक काळ शिकून सतराव्या शतकाच्या आरंभी दंडविद्येवर ग्रंथ लिहिला. मुष्टियुद्ध अद्याप सर्वत्र रुजलेले नाही, म्हणून भिक्षू आता त्यावर मेहनत घेत आहेत, असे तो सांगतो. विद्येचा आद्य गुरू म्हणून त्याच्या ग्रंथात किन्नर आहे, बोधिधर्म नाही.

बोधिधर्म येतो तो १६२४ मधील ‘यिजिन जिंग’ या व्यायामग्रंथातून. स्नायूंना बळकटी देणाऱ्या व्यायामांचे हे पुस्तक बोधिधर्माने मागे ठेवले, असा दावा त्याच्या प्रस्तावनेत आहे. ती प्रस्तावना तांग काळातील एका सेनापतीच्या नावावर आहे. हा सेनापती म्हणतो, की पुस्तक मला अमुक वीराकडून मिळाले. आणि तो वीर निघतो एका जुन्या कथेतील काल्पनिक पात्र. ही बनवेगिरी चिनी पंडितांनी अठराव्या शतकाच्या सुमारासच ओळखली होती. ग्रंथातील व्यायामांवर प्रभाव आहे तो ताओ परंपरेचा. तरीही विसाव्या शतकाच्या आरंभी कादंबऱ्या आणि लोकप्रिय पुस्तकांनी बोधिधर्माचे नाव घरोघरी पोहोचवले. तांग हाओ या चिनी संशोधकाने १९३० मध्ये पुराव्यानिशी ते खोडून काढले. पण तोवर दंतकथा बरीच पुढे निघून गेली होती.

मठाचा पुढील काळ चढउतारांचा होता. चिंग राजवटीला शस्त्रधारी भिक्षूंचा संशय येई. १८२८ मध्ये एक मांचू अधिकारी मठात आला आणि त्याने प्रात्यक्षिक पाहण्याची इच्छा व्यक्त केली, तेव्हा आम्हाला असे काही येतच नाही, असे भिक्षूंनी सांगितले. त्याने अभय दिल्यावरच ते अंगणात उतरले. १९२८ मध्ये शी योसान या सेनानीने मठाला आग लावली. इमारतींबरोबर ग्रंथसंग्रहही भस्मसात झाला. सांस्कृतिक क्रांतीच्या काळात उरलेसुरले वैभवही लयाला गेले. १९८२ मध्ये जेट ली या तरुण खेळाडूच्या ‘शाओलिन टेंपल’ चित्रपटाने सारे चित्र पालटले. मठाभोवती प्रशिक्षण शाळांचे गाव वसले, पर्यटकांची रीघ लागली, आणि पैसाही आला. १९९९ पासून मठाधिपती असलेल्या भिक्षूला आर्थिक गैरव्यवहाराच्या आरोपांवरून सुरू झालेल्या चौकशीनंतर जुलै २०२५ मध्ये पदावरून दूर व्हावे लागले. जमिनीच्या तंट्यातून जिची पहिली नोंद झाली, त्या परंपरेला संपत्तीचा प्रश्न चौदा शतकांनंतरही सुटलेला नाही.

मग या विद्येचा आत्मा कशात शोधावा? ‘कुंग फू’ या शब्दाचा मूळ अर्थच वाट दाखवतो. त्याचा लढाईशी थेट संबंध नाही. दीर्घ काळ केलेले परिश्रम आणि त्यातून अंगी मुरलेले कौशल्य, असा त्याचा अर्थ. सुलेखन करणाराही कुंग फू मिळवू शकतो. आपल्याकडील ‘रियाज’ आणि ‘तालीम’ हे शब्द त्याच्या जवळ जाणारे आहेत. मठातील एका जुन्या दालनाच्या विटांच्या जमिनीवर रांगेने खळगे पडलेले आहेत. पिढ्यानपिढ्या भिक्षूंनी एकाच जागी पाय आपटत केलेल्या सरावाची ती खूण मानली जाते. तेच पाऊल, तोच श्वास, तीच बैठक हजारदा करत राहणे आणि करताना मन अन्यत्र जाऊ न देणे, हे ध्यानाचेच एक रूप, असे शाओलिनचे भिक्षू मानतात. बातुओने आणलेले ध्यान आणि दंडाचा सराव येथे एकमेकांना भेटतात.

एका परदेशी महापुरुषाने संपूर्ण विद्या तयार स्वरूपात आणून दिली, असे मानले की या शेकडो वर्षांच्या घामाला काही किंमतच उरत नाही. ते खळगे चिनी भिक्षूंच्या पायांनी पडले आहेत. भारताने तेथे पोहोचवले ते ध्यान आणि रक्षकदेवतेची प्रतिमा. हे देणे लहान नाही, आणि ते मोठे करून दाखवण्यासाठी बनावट प्रस्तावनेचा आधार घेण्याची गरज नाही. ‘तुमच्या विद्येत उणीव आहे’ असे ऐकल्यावर दोन शिष्यांना शिकायला पाठवणाऱ्या त्या मठाधिपतीचा मोकळेपणा घ्यावा. तो कोणाही एका देशाच्या मालकीचा नाही.