टिक निघाली आणि इंटरनेट ‘बिघडलं’

फायरफॉक्स ब्राउझरच्या सेटिंगमध्ये २०१३ सालापर्यंत जावास्क्रिप्ट चालू-बंद करण्याचा एक चौकोन असायचा. त्यातली टिक चुकून निघाली की अनेक साइटवरची बटणं चालेनात, नकाशे उघडेनात. टिक काढणाऱ्याला जावास्क्रिप्ट म्हणजे काय हेच ठाऊक नसेल, तर दुखणं त्या चौकोनात आहे हे त्याला कळणार कुठून? तो नेटवाल्याला फोन लावणार, नाहीतर सरळ दुसरा ब्राउझर घेणार. फायरफॉक्सच्या डिझाइनचं काम पाहणारे अलेक्स लिमी यांनी त्याच वर्षी अशा घातक चौकोनांवर एक लेख लिहिला. ऑगस्टमध्ये २३ वी आवृत्ती आली, तेव्हा जावास्क्रिप्टचा चौकोन सेटिंगमधून गेला होता. चित्रं बंद करण्याचाही गेला.

जाणकार चिडले. साइटची चाचणी घेताना त्यांना ती टिक लागायची. पण सोय नष्ट झाली नव्हती, माजघरात हलवली होती. पत्त्याच्या पट्टीत ‘अबाउट:कॉन्फिग’ टाइप केलं की ती सापडायची. वाटेत ‘तुमची वॉरंटी रद्द होऊ शकते’ अशी सूचना यायची. फुकटच्या ब्राउझरला वॉरंटी कसली! तरी नवखा माणूस तिथूनच मागे फिरावा, एवढा धाक त्या थट्टेत होता.

मुळात सेटिंग इतकी वाढतात कशी? पुष्कळदा बनवणाऱ्यांचं एकमत होत नाही म्हणून. वाद मिटवायला एक चौकोन वाढवतात आणि निर्णय ग्राहकाच्या गळ्यात पडतो. त्याची किंमत प्रोग्रॅमरही मोजतात: असे दहाच चौकोन असले तरी चालू-बंदचे १,०२४ मेळ होतात, आणि ते सगळे तपासून पाहणं कोणाच्या आवाक्यात नसतं.

ग्राहक तर त्या पानाकडे फिरकतही नाही. सॉफ्टवेअर लोकांना कसं झेपतं याचे अमेरिकन अभ्यासक जेरेड स्पूल यांनी अनेकांकडून त्यांच्या वर्डची सेटिंग फाइल मागवून पाहिली. शंभरातल्या पाच जणांनीही काही बदललेलं नव्हतं. मजकूर आपोआप सेव्ह होण्याची सोय त्या वर्डमध्ये बंदच येत असे. लोकांना वाटलं, कंपनीने विचार करूनच बंद ठेवली असणार. चौकशीअंती कळलं की ही फाइल बनवताना प्रोग्रॅमरने सरसकट शून्यं भरली होती, आणि शून्य म्हणजे बंद!

म्हणूनच आधीपासून काय निवडून ठेवलंय, यावर सगळं ठरतं. २०१० मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने मोजलं, तेव्हा फेसबुकवर आपली माहिती झाकायला पन्नासावर बटणं आणि १७० हून जास्त पर्याय पार करावे लागत होते. एवढा चक्रव्यूह कोण भेदणार? २०१४ मध्ये फेसबुकने नव्या सभासदांची पहिली पोस्ट सगळ्या जगाऐवजी फक्त मित्रांना दिसेल अशी मूळ निवड केली. त्यासाठी सभासदाला एकही बटण दाबावं लागलं नाही.

जे पर्याय ठेवायचेच, ते निदान सापडावेत. फायरफॉक्सने २०१७ मध्ये ५६ व्या आवृत्तीत सेटिंगच्या पानावर शोधपेटी दिली. उपयोगी आहे, पण काय शोधायचं हे ठाऊक असणाऱ्यालाच.

व्हॉट्सअ‍ॅपचा अनुभव आपल्याकडे घरोघरी ओळखीचा आहे. आपला नंबर असलेल्या कोणीही आपल्याला कुठल्याही ग्रुपमध्ये ओढावं, अशी रीत होती. एप्रिल २०१९ मध्ये ते रोखण्याचं सेटिंग आलं, पण प्रायव्हसीच्या पानात आत कुठेतरी, आणि मूळ निवड ‘सगळे’ हीच. शेअर बाजारात पैसे दुप्पट करून देणाऱ्या ग्रुपांचं भक्ष्य होणारा माणूस तिथवर पोहोचण्याची शक्यता सगळ्यांत कमी. २०२४ मध्ये कंपनीने वेगळी वाट धरली: अनोळखी माणसाने ग्रुपमध्ये घेतलं की कोणी घेतलं, ग्रुप कधी आणि कोणी काढला, हे सांगणारं एक कार्ड त्याच वेळी समोर येतं. बाहेर पडायचं की थांबायचं, ते तिथेच ठरवता येतं.