परतीचा विचार सोडला आहे काय?



परदेशात कायमचे राहावयाचे कसे, हा विषय हिंगोलीच्या व्यासपीठावर कशासाठी, असे आपल्यापैकी काहींच्या मनात आले असेल. मला विषय सुचविला तो एका गाठोड्याने. दोन वर्षांपूर्वी वसमतकडचे एक शेतकरी ते घेऊन माझ्याकडे आले. मुलाला एम. एस. करण्यासाठी अमेरिकेत पाठवावयाचे होते, बँकेला तारण हवे होते, आणि जमीन घराण्यात कशी आली हे दाखवावयाचे होते. गाठोड्यात सातबाऱ्याचे उतारे निघाले, फेरफार निघाले आणि अगदी तळाशी उर्दूतला एक पिवळा पडलेला कागद निघाला. घरात तो कोणालाच वाचता येत नव्हता. आमच्या कोर्टातल्या एका वृद्ध कारकुनांनी वाचून दाखविला. यांचे पणजोबा नगर जिल्ह्यातून इकडे नोकरीस आलेले. त्यांनी मॅजिस्ट्रेटसमोर प्रतिज्ञेवर लिहून दिले होते की, आपण निजामाच्या मुलखात पंधरा वर्षे राहिलो असून मूळ ठिकाणी परत जाण्याचा विचार सोडून दिला आहे.

तो मुलकीचा कागद होता. आजच्या तरुणांना 'मुलकी' हा शब्द पोलीस पाटलाशी किंवा महसुलाशी संबंधित वाटेल. परंतु १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत आपला हा भाग हैदराबाद संस्थानात होता आणि तेथे मुलकी म्हणजे 'या मुलखाचा माणूस'. १९१९ च्या निजामाच्या फर्मानाने नोकरीचे जे नियम जारी झाले, त्यांत सरकारी नोकरी सामान्यतः मुलकी माणसालाच, असे ठरले. मुलकी कोण? जन्माने संस्थानची प्रजा असेल तो. ज्याच्या जन्माच्या वेळी वडील सरकारी नोकरीत असून त्यांची पंधरा वर्षे भरली असतील तो. मुलकी पुरुषाची पत्नी. आणि चौथा, बाहेरून येऊन किमान पंधरा वर्षे कायम राहिलेला आणि परतीचा विचार सोडल्याचे प्रतिज्ञापत्र केलेला. हैदराबादेत या नियमावरून पुढे मोठे रण माजले. १९५२ साली विद्यार्थ्यांची चळवळ झाली, गोळीबार झाला. आपण १९५६ साली मुंबई राज्यात आलो तरी तेलंगणात हा वाद चालूच राहिला, आणि अखेर १९७३ साली संसदेने हे नियम रद्द केले. तो इतिहास आज सांगावयाचा नाही. मला लक्ष वेधावयाचे आहे ते त्या चौथ्या कलमाकडे. नुसती पंधरा वर्षे पुरेशी नव्हती. मनातला हेतूही सरकार विचारीत होते.

आता गंमत अशी की, पणजोबांचा तो कागद ज्या दिवशी वाचला गेला, त्याच सुमारास त्यांच्या पणतूला बरोबर उलट गोष्ट सिद्ध करावयाची होती. अमेरिकेचा विद्यार्थ्याचा व्हिसा मागणाऱ्याने दाखवावयाचे असते की, आपले घर स्वदेशी आहे आणि ते सोडण्याचा आपला हेतू नाही. त्यांचा कायदा आरंभीच गृहीत धरतो की, येणारा प्रत्येक जण कायमचा राहण्यासच येत आहे. तसे नाही हे दाखविण्याचा भार अर्जदारावर. वडील मला विचारीत होते, "वकीलसाहेब, एवढा बोजा सातबाऱ्यावर चढवायचा, तर पोरगा तिकडे कायमचा होईल ना?" आणि मुलगा त्याच आठवड्यात मुंबईच्या वकिलातीत 'शिकून परत येईन' असे सांगावयास निघाला होता.

हा केवळ विनोद नाही. परदेशगमनाच्या साऱ्या कायद्याची किल्ली येथे आहे. येणे, राहणे आणि तेथला होणे या तीन निराळ्या गोष्टी आहेत. प्रत्येकीचा कागद निराळा, आणि प्रत्येक कागद परतीच्या विचाराबद्दल निराळे उत्तर मागतो. आपली माणसे या तिन्हींची एकच मोट बांधतात. एजंट तर मुद्दाम बांधतात.

पूर्वी हे नव्हते. आपल्या नरसीचे नामदेव महाराज पंजाबात घुमानला जाऊन राहिले, त्यांना कोणाचा शिक्का लागला नाही. १८८३ साली आनंदीबाई जोशी कलकत्त्याहून बोटीत बसल्या, तेव्हा त्यांना अडविले ते समाजाने. व्हिसा नावाची वस्तू त्यांच्या वाटेत नव्हती. दारे लागली ती पुढे. १९१७ च्या कायद्याने अमेरिकेने आशियातल्या बहुतेक देशांतील कामकऱ्यांना मज्जाव केला, आणि १९२३ साली तेथल्या सर्वोच्च न्यायालयाने भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात ठरविले की, हिंदी माणूस नागरिकत्वाच्या कायद्यातला 'गोरा' नव्हे.

थिंद यांची बाजू मांडणाऱ्या वकिलाचे नाव सखाराम गणेश पंडित. मराठी कानाला हे नाव परके वाटणार नाही. पंडित स्वतः १९१४ साली अमेरिकेचे नागरिक झाले होते आणि कॅलिफोर्नियात वकिली करीत होते. थिंद हरले आणि सरकारने आधीच नागरिक झालेल्या हिंदी लोकांचे कागद रद्द करण्याचा सपाटा लावला. त्यात पंडितांवरही दावा आला. त्यांनी कोर्टाला जे सांगितले ते फार विचार करण्यासारखे आहे. तुम्ही दिलेल्या कागदावर विसंबून मी स्वदेशातले सर्व दोर कापले, येथे धंदा उभा केला, संसार मांडला. आता तो कागद परत घेता येणार नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. १९२६ साली वरिष्ठ न्यायालयाने त्यांचे नागरिकत्व कायम ठेवले, आणि पुढच्या वर्षी सर्वोच्च न्यायालयाने त्यात हात घालण्याचे नाकारले. परंतु तोवर इतर अनेकांचे कागद गेले होते. हिंदी माणसाला नागरिकत्वाचा मार्ग पुन्हा खुला झाला तो १९४६ साली, आणि तोही वर्षाला शंभर जणांच्या प्रवेशापुरता. खरे दार उघडले १९६५ च्या कायद्याने. पुण्या-मुंबईचे डॉक्टर आणि इंजिनियर तिकडे गेले ते त्या दाराने.

आता आजची वाट पाहू. आमच्या शेतकरीबंधूंचा मुलगा शिकेल, आणि पदवीनंतर एक वर्ष, विज्ञान-तंत्रज्ञानाची पदवी असल्यास आणखी दोन वर्षे, त्याला कामाचा अनुभव घेण्याची मुभा मिळेल. त्यापुढे राहावयाचे तर एच-१बी हा नोकरीचा व्हिसा. तो मालकाने मागावयाचा असतो. वर्षाला पासष्ट हजार आणि अमेरिकेत वरची पदवी घेतलेल्यांसाठी आणखी वीस हजार, एवढ्याच जागा. मागणारे कितीतरी अधिक, त्यामुळे निवड होते आणि तीत नशिबाचा भाग मोठा. २०२५ च्या सप्टेंबरात तेथल्या अध्यक्षांनी बाहेरून आणावयाच्या नव्या माणसांच्या अर्जांवर एक लाख डॉलरचा भार घातला. यावरून हे दार किती पटकन अरुंद होऊ शकते ते दिसते. या व्हिसाची मुदत तीन वर्षे, वाढवून सहा. मात्र यात एक सोय आहे: तात्पुरते राहत असताना कायम राहण्याची इच्छा बाळगली तरी तो दोष मानला जात नाही. 'परत जाणार' आणि 'राहणार' ही दोन्ही उत्तरे एकाच तोंडाने देण्याची मुभा कायद्याने दिलेली मला तरी फार थोड्या ठिकाणी दिसली आहे.

त्यापुढची पायरी म्हणजे ग्रीन कार्ड, अर्थात कायमच्या वास्तव्याचा हक्क. नोकरीच्या आधारे अशी कार्डे वर्षाला साधारण एक लाख चाळीस हजार, आणि त्यांत बायकामुलेही मोजली जातात. शिवाय कोणत्याही एका देशाच्या वाट्यास सामान्यतः शेकडा सातांहून अधिक जावयाची नाहीत. हा देश म्हणजे पासपोर्टाचा देश नव्हे, जन्माचा. एखाद्याने मध्येच कॅनडाचे नागरिकत्व घेतले तरी हिंगोलीत जन्मलेला माणूस भारताच्याच रांगेत उभा राहतो. चिमुकल्या देशाची आणि आपल्या खंडप्राय देशाची मर्यादा सारखीच, तेव्हा रांग कोणाची लांबणार हे उघड आहे. २०२५ साली भारतीयांच्या दुसऱ्या श्रेणीत जे अर्ज निकालात निघत होते, ते २०१३ च्या आसपास रांगेत लागलेल्यांचे होते. बारा वर्षे! ज्याचा अर्ज मंजूर आहे त्याला सहा वर्षांनंतरही नोकरीच्या व्हिसावर मुदतवाढ मिळते, हे खरे. पण रांगेत असताना मूल एकवीस वर्षांचे झाले, तर थोड्याफार सवलती सोडता ते बापाच्या अर्जातून गळते. मुलगा दोन वर्षांचा असताना गेलेले जोडपे तो कॉलेजात जाईपर्यंत रांगेत, असे प्रसंग त्यामुळे घडतात.

आणि कार्ड हाती आल्यावर? 'परतीचा विचार' पुन्हा उभा राहतो, पण आता उलट्या अंगाने. कार्डवाला आई-वडिलांच्या आजारपणासाठी गावी येऊन, आधी परवानगी न काढता, वर्षाहून अधिक राहिला तर त्याने अमेरिकेतले घर सोडले असे समजले जाऊ शकते. पाच वर्षांनी नागरिक होता येते, तेव्हाही राहिलेले दिवस मोजले जातात. व्हिसाच्या खिडकीवर 'माझे घर हिंगोलीला' म्हणणाऱ्या माणसाला पुढे 'माझे घर येथे' हे सिद्ध करीत बसावे लागते. यात लबाडी आहे असे मी म्हणणार नाही. आज परतण्याचा हेतू असणे आणि पुढे कायद्याने दुसरी वाट दिल्यास ती घेणे हे सरळ आहे. मात्र अर्जात खोटे लिहिले आणि ते उघडकीस आले, तर दार नेहमीसाठी बंद होऊ शकते.

अमेरिकेवर मी बराच वेळ घेतला, कारण आपली मुले तिकडेच अधिक पाहतात. इतरत्र न्याय निराळा आहे. कॅनडाने १९६७ साली गुणांची पद्धत सुरू केली. वय, शिक्षण, भाषा, अनुभव यांचे गुण मोजून कायमचे वास्तव्य आरंभीच देता येते, रांग जन्मदेशावर नसते. तेथे हेतू विचारण्यापेक्षा दिवस मोजतात: कायम रहिवाशाने पाच वर्षांत ७३० दिवस तेथे काढले पाहिजेत, नागरिक व्हावयाचे तर १,०९५. पण तेथेही विद्यार्थ्याचा परवाना म्हणजे कायमचे वास्तव्य नव्हे, आणि २०२४ पासून त्या परवान्यांच्या संख्येला मर्यादा पडली आहे. जर्मनीत ब्ल्यू कार्डावरचा माणूस जर्मन भाषा चांगली शिकला तर एकवीस महिन्यांत कायमच्या परवान्यास पात्र होतो. आपल्याकडे जर्मनचे वर्ग निघू लागले आहेत त्यामागे हे एक कारण आहे. आखाती देशांचे मात्र स्पष्ट सांगितले पाहिजे. तेथे वीस-वीस वर्षे काढूनही सामान्य कामगाराच्या वाटेला शेवटी परतीचे तिकीटच असते. तेथे पैसा मिळतो, घर मिळत नाही. हे कळून जावे, म्हणजे फसवणूक होत नाही. दहावी न झालेल्या माणसाला तिकडे जाताना १९८३ च्या कायद्याप्रमाणे सरकारची मंजुरी लागते, आणि नोंदणीकृत एजंटाला तीस हजार रुपये व त्यावरील कर याहून अधिक घेता येत नाही. दोन लाख मागणाऱ्याला हा नियम ऐकवून पाहावा.

वंशाच्या नात्याने मिळणारे दारही मराठी माणसाने पाहिले आहे. कोकणातले आपले बेने इस्रायल, घरी मराठी बोलणारे, इस्रायलच्या १९५० च्या कायद्याने तेथे गेले. ज्यूला तेथे येऊन वसण्याचा जन्मसिद्ध हक्क, असे तो कायदा म्हणतो. तरीही धर्मपीठाने १९६२ च्या सुमारास त्यांच्या विवाहांच्या बाबतीत शंका काढल्या, आणि १९६४ साली त्यांना निदर्शने करून पूर्ण मान्यता मिळवावी लागली. हक्काचे दार उघडे असले तरी आतल्या माणसांचे मन वेगळे उघडावे लागते, ते असे.

आता शेवटचा कागद, नागरिकत्वाचा. आपला १९५५ चा कायदा दुहेरी नागरिकत्व मानीत नाही. दुसऱ्या देशाचे घेतले की भारताचे गेले, मग तो देश दोन्ही ठेवू देत असला तरी. त्यानंतर ओसीआय कार्ड मिळते. येणेजाणे आणि राहणे सुकर होते, पण मतदान नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. वडिलार्जित शेत वारसाने मात्र मिळू शकते.

हे ऐकल्यावर आमच्या शेतकरीबंधूंनी चष्मा काढून पुसला आणि विचारले, "म्हणजे गहाणातले रान बँकेने विकले, तर माझ्या पोराला पुन्हा घेता यायचे नाही?" मी म्हटले, "तो तिकडचा नागरिक झाला तर नाही." त्यांनी चार एकरांऐवजी दोन एकरांवरच कर्ज काढले, आणि मुलाने विद्यापीठही स्वस्तातले निवडले. मुलाचे शिक्षण अद्याप चालू आहे. पणजोबांचा तो उर्दू कागद आता प्लास्टिकच्या पाकिटात ठेवला आहे, आणि त्याची एक नक्कल त्यांनी मला दिली आहे.