आधी नाव, मग सुरी
(ओपीडीच्या पायरीवर : लेखांक ७)

‘अवघड जागेचं दुखणं आणि जावई वैद्य’ ही म्हण आपल्याकडे हसत वापरली जाते. आजचा लेख त्याच अवघड जागेचा आहे. फरक इतकाच की ही गाठ बहुतेकदा दुखत नाही, आणि दुखत नाही म्हणून बायका तिला महिनोन्‌महिने पदराआड ठेवतात. गाठ दुखली तर घाबरायचं आणि नाही दुखली तर निर्धास्त राहायचं, हा आपला हिशेब नेमका उलटा आहे. स्तनातला कर्करोग सुरुवातीला सहसा दुखत नाही. उलट पाळीच्या आधी ठणकणाऱ्या पुष्कळ गाठी निरुपद्रवी निघतात.

माझी मावसबहीण ३८ वर्षांची, तालुक्याच्या गावी राहते. न्हाताना तिच्या हाताला वाटाण्याएवढं काही लागलं. सतरा दिवस ती कुणाशी बोलली नाही. अठराव्या दिवशी मला फोन आला, ‘‘ताई, इथल्या सर्जनना दाखवलं. ते म्हणाले, छोटीशी तर आहे, अर्ध्या तासात काढून टाकू. गुरुवारी बोलावलंय.’’ दाजींनी रजाही टाकली होती. मी म्हटलं, गुरुवारचं राहू दे, पुण्याला ये. त्यावर ती थोडी रागावली, कारण निर्णय झाल्याचा दिलासा मी काढून घेत होते.

पण माझा आग्रह विनाकारण नव्हता. गाठ म्हणजे नक्की काय, हे कळायच्या आत ती कापून काढणं ही आपल्याकडची जुनी खोड आहे. काढलेला तुकडा कधी तपासायला जातो, कधी जातच नाही. नंतर कर्करोग निघालाच तर अडचण दुहेरी होते. गाठ नेमकी कुठे होती, केवढी होती, कडेला काही उरलं का, हे सांगायला गाठच जागेवर नसते. आधी औषधांनी ती आक्रसवायची आणि मग स्तन वाचवून शस्त्रक्रिया करायची, हा मार्ग काही जणींसाठी खुला असतो. घाईच्या सुरीने तोही अवघड होऊन बसतो. ब्रेस्ट क्लिनिकमध्ये जायचं ते गाठीचं नाव विचारायला, गाठ काढायला नव्हे. नाव कळतं तीन वाटांनी : हाताने तपासून, चित्र काढून आणि सुईने तुकडा घेऊन.

आदल्या रात्री मी तिला फोनवर तीन गोष्टी सांगितल्या. एक, साडी किंवा सलवार-कुर्ता घाल. वरचा कपडाच तेवढा काढावा लागतो. दोन, जुने रिपोर्ट तर आणच, पण त्यांच्याबरोबरच्या फिल्म आणि सीडीही आण. नुसत्या कागदावरून डॉक्टरला फार काही दिसत नाही. तिसरी गोष्ट ऐकून ती हसली : पावडर लावू नकोस. आंघोळीनंतर काखेत आणि छातीवर पावडर उडवल्याशिवाय आपल्याकडच्या कितीतरी बायकांचा दिवस सुरू होत नाही. तिचे कण मॅमोग्राफीत पांढऱ्या ठिपक्यांसारखे उमटू शकतात आणि तसेच ठिपके कॅल्शियमचेही असतात. डिओडरंटचंही तेच.

केसपेपर काढून नंबर लागेस्तोवर अकरा वाजले. आत डॉक्टरांनी आधी प्रश्न विचारले. शेवटची पाळी कधी, गाठ पाळीनंतर लहान होते का, मुलांना अंगावर किती दिवस पाजलं, रक्त पातळ होण्याच्या गोळ्या चालू आहेत का. घरात कुणाला हा आजार होता का, या प्रश्नावर ती आई-मावशीवर थांबली. डॉक्टरांनी वडिलांकडची माणसं विचारली तेव्हा तिला आत्या आठवली. आनुवंशिक दोष बापाकडूनही येऊ शकतो, हे आपल्या डोक्यात लवकर येत नाही. तेव्हा जाण्याआधी दोन्ही घरांची उजळणी करून जा.

मग हाताची तपासणी. आधी बसवून, हात वर करायला लावून, मग कमरेवर दाबायला सांगून, मग झोपवून. आधी चांगली बाजू, मग गाठीची, शेवटी काखा आणि गळपट्टीच्या हाडाच्या वरचा भाग. डॉक्टर पुरुष असतील तर सिस्टर आत हवी. नसेल तर मागायची, त्यात संकोच नको. या तपासणीला कुणी जुनाट समजू नये. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत टाटा मेमोरियलने १९९८ मध्ये एक चाचणी सुरू केली. दीड लाखाहून अधिक स्त्रिया, आणि त्यांतल्या निम्म्यांच्या स्तनांची दर दोन वर्षांनी फक्त हाताने तपासणी, तीही प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविकांकडून. निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. तपासलेल्या गटात रोग लवकरच्या टप्प्यात सापडला आणि पन्नाशीच्या पुढच्या स्त्रियांमध्ये स्तनाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी कमी झाले. पन्नाशीच्या आतल्यांमध्ये मात्र तसा फायदा दिसला नाही, हेही सांगायला हवं.

मॅमोग्राफीच्या दारात आम्ही अडलो ते मंगळसूत्रावरून. टेक्निशियन म्हणाली, काढा. बहिणीने सासूबाईंकडे पाहिलं. त्या बाकावरून उठल्या, मंगळसूत्र स्वतःच्या हातात घेतलं आणि म्हणाल्या, ‘‘जा तू.’’ बस्स. मी दहा मिनिटांच्या समजावणीची तयारी करून आले होते, ती वाया गेली.

यंत्राच्या दोन पट्ट्यांमध्ये स्तन दाबला जातो. दुखतं, खोटं कशाला सांगू; पण ते काही सेकंदच. प्रत्येक बाजूची दोन चित्रं, एक वरून आणि एक तिरकं. पाळीच्या आधीच्या आठवड्यात स्तन हुळहुळे असतात, म्हणून जमल्यास तो आठवडा टाळावा. गाठीची शंका असेल तर मात्र त्यासाठी तारीख पुढे ढकलू नये. तरुण वयात स्तनाची ऊती दाट असते. मॅमोग्राफीत ती पांढरी दिसते आणि गाठही पांढरीच, म्हणून तिथे सोनोग्राफी जास्त कामाची. खोलीबाहेर ‘येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही’ हा फलक होताच. आत थंडगार जेल, आणि पडद्यावर पहिला प्रश्न एकच : पाणी की घट्ट? पाण्याची गाठ असेल तर कित्येकदा प्रकरण तिथेच मिटतं.

इथे रिपोर्टच्या शेवटच्या ओळीबद्दल सांगतात तर सगळे, पण समजावत कुणी नाही, म्हणून थोडं थांबते. तिथे बायरॅड्स असा शब्द आणि ० ते ६ मधला एक आकडा असतो. बहिणीच्या रिपोर्टवर ४ होता. दाजींनी बाहेर उभ्याउभ्या मोबाइलवर वाचलं आणि खाली बसले. त्यांना वाटलं, चौथी स्टेज. हा आकडा स्टेज नाही! तो फक्त संशयाचा दर्जा आहे. ३ म्हणजे कर्करोगाची शक्यता २ टक्क्यांहून जास्त नाही, सहसा सहा महिन्यांनी पुन्हा पाहू. ५ म्हणजे ९५ टक्के किंवा त्याहून जास्त. आणि ४ या दोघांमधलं सगळं मैदान, २ पासून ९५ पर्यंत. म्हणून त्याचे पुन्हा अ, ब, क असे पोटभाग करतात. ४ चा अर्थ एवढाच की आता तुकडा घ्यायला हवा.

तुकडा म्हटल्यावर सासूबाई पहिल्यांदा बोलल्या. ‘‘सुई लावली की पसरतं म्हणतात.’’ हे वाक्य मी विदर्भातही ऐकलंय आणि कोकणातही. डॉक्टरांनी त्यांना हसण्यावारी नेलं नाही, याचं मला बरं वाटलं. ते म्हणाले, ‘‘आजी, ज्यांना सुई लावली, त्यांच्यापैकी काही जणींचा रोग आधीच पसरलेला होता, लोकांनी सुई पाहिली, आधीचं काही पाहिलं नाही.’’ सुईच्या तपासणीमुळे रुग्णाच्या जगण्याच्या शक्यतेवर वाईट परिणाम होतो, असं आढळलेलं नाही. या गैरसमजापायी तपासणीच टाळणाऱ्या बायकांचं नुकसान मात्र खरं आहे.

कोअर बायोप्सी म्हणजे जागा बधिर करून, दोनतीन मिलिमीटरची चीर देऊन जाड सुईने काढलेले बारीक दोऱ्यासारखे तुकडे. प्रत्येक वेळी स्टेपलरसारखा खटका वाजतो. तो आधी वाजवून दाखवा, असं सांगता येतं. बारीक सुईच्या एफएनएसीत नुसत्या पेशी येतात, तुकडा येत नाही. पेशींवरून कर्करोग आजूबाजूच्या ऊतीत शिरलाय की नाही, ते ठरवता येत नाही. तुकड्यावर ईआर, पीआर, हर-टू या चाचण्याही नीट होतात, आणि रोग निघालाच तर पुढची औषधं त्यांवरच ठरतात. पैसे वाचवायला एफएनएसी पुरेल का, असं अनेकजण विचारतात. माझं मत, जिथे कोअर होतं तिथे कोअरच करा.

रिपोर्ट आला की तिन्ही वाटा एकाच गावी पोचतात का, ते पाहायचं. चित्र ‘संशय दाट’ म्हणतंय आणि तुकडा ‘काही नाही’ म्हणतोय, तर आनंदाने घरी जायचं नाही. तुकडा पुन्हा घ्यावा लागतो. ‘‘तिन्ही जुळतात का?’’ एवढा एकच प्रश्न चिठ्ठीवर लिहून न्यायला मी प्रत्येकीला सांगते.

बहिणीचा रिपोर्ट आठव्या दिवशी आला. फायब्रोअ‍ॅडिनोमा. म्हणजे कर्करोग नसलेली गाठ. तिन्ही जुळत होते. गाठ काढायची गरज नाही, सहा महिन्यांनी सोनोग्राफी करा, असं डॉक्टरांनी सांगितलं. गाठ अजून तिच्या अंगात आहे, वाटाण्याएवढीच. पुढची तारीख दिवाळीनंतरची आहे.