पंचवीस वर्षांनंतर सरकारी कागद कुठे जातो?

केंद्र सरकारची कायमस्वरूपी जपायची कागदपत्रे 25 वर्षांनंतर दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराकडे सोपवायची, असे 1993 चा सार्वजनिक अभिलेख कायदा सांगतो. 1892 पूर्वीचा कागद तर नष्टच करता येत नाही. अपवाद फक्त पार निरुपयोगी होण्याइतक्या जीर्ण कागदांचा. ही मनाई मोडणाऱ्याला 5 वर्षांपर्यंत कैद, 10 हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

हे अभिलेखागार 11 मार्च 1891 रोजी कोलकात्यात सुरू झाले आणि पुढे राजधानीमागोमाग दिल्लीला आले. 2015 पासून ‘अभिलेख पटल’ या पोर्टलवर त्यातले दस्तऐवज घरबसल्या शोधता येतात. दिल्लीचा प्रवास न परवडणाऱ्या अभ्यासकासाठी ही फार मोठी सोय आहे.

मात्र सूची नीट नसेल, तर स्कॅन केलेल्या ढिगातूनही हवे ते पान हाती लागत नाही. पुण्याच्या पेशवे दफ्तरातले मोडी लिपीतले रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, घ्या. प्रतिमा निघाली, तरी मोडी जाणणारा माणूस लागतोच. यंत्रखरेदीइतकाच पैसा अशा वाचकांच्या प्रशिक्षणावर आणि नेमणुकीवर खर्च व्हायला हवा.