पडद्याची परीक्षा

तुम्ही कधी टीव्हीच्या दुकानात गेला आहात का? तेथे अनेक टीव्ही ओळीने मांडलेले असतात. सर्वांवर एकच कार्यक्रम चालू असतो, तरी प्रत्येक पडद्यावरचे रंग वेगळे दिसतात. एका टीव्हीवर गवत हिरवेगार दिसते, तर दुसऱ्यावर पिवळसर. एकावर माणसाचा चेहरा लालभडक, तर दुसऱ्यावर फिकट. मग यांतले खरे चित्र कोणते?

आपल्याला आवडेल ते खरे, असे पुष्कळांना वाटते. पण आपली नजर सहज फसते. दुकानातल्या झगझगीत उजेडात उठून दिसावा म्हणून टीव्ही फार भडक ठेवलेला असतो. घरी मात्र तो डोळ्यांना टोचतो. चित्रपट तयार करणारे लोक प्रत्येक दृश्याचा उजेड, रंग आणि आवाज विचारपूर्वक ठरवतात. अंधारात उभा असलेला माणूस किती दिसावा, हेही ते ठरवतात. आपला टीव्ही नीट जुळवलेला नसेल, तर तो माणूस आपल्याला दिसतच नाही आणि गोष्ट नीट कळत नाही.

दुकानदाराचा तराजू बरोबर आहे, हे कसे ओळखावे? ज्याचे वजन पक्के ठाऊक आहे, असे माप पारड्यात टाकून. चित्राची आणि आवाजाची परीक्षाही तशीच असते. ज्यांचे रंग, उजेड आणि आवाज आधीच मोजून ठरवले आहेत, असे नमुने एका तबकडीवर साठवतात. तिला ‘कॅलिब्रेशन डिस्क’ म्हणजे जुळवणीची तबकडी म्हणतात. अमेरिकेतील जो केन यांनी १९८९ साली अशी एक तबकडी तयार केली. तिचे नाव ‘अ व्हिडिओ स्टँडर्ड’. त्यानंतर अशा अनेक तबकड्या निघाल्या.

आता ती कशी वापरायची ते पाहू. रोज ज्या उजेडात तुम्ही टीव्ही पाहता, तेवढाच उजेड खोलीत ठेवा. टीव्हीमध्ये ‘सिनेमा’ किंवा ‘मूव्ही’ नावाची सोय असेल, तर आधी ती निवडा. मग तबकडी लावा.

पहिली परीक्षा काळ्या रंगाची. पडद्यावर काळ्या भागात काही उभे पट्टे दिसतात. एक पट्टा त्या भागापेक्षाही काळा असतो, तर एक किंचित उजळ. ‘ब्राइटनेस’ कमी-जास्त करा. उजळ पट्टा जेमतेम दिसावा आणि काळा पट्टा दिसेनासा व्हावा. मग ‘कॉन्ट्रास्ट’ने पांढरा रंग जुळवा. जवळजवळ पांढरे असलेले पट्टे एकमेकांत मिसळता कामा नयेत. ‘शार्पनेस’ फार वाढवू नका. ती वाढली, की रेषांच्या कडेला नको असलेली पांढरी किनार दिसू लागते.

नंतर रंगांची परीक्षा. राखाडी, पिवळा, आकाशी, हिरवा, किरमिजी, लाल आणि निळा असे सात पट्टे पडद्यावर येतात. भारतात १९८२ साली दूरदर्शनचे रंगीत प्रसारण सुरू झाले. त्या काळी कार्यक्रम नसताना पडद्यावर असे पट्टे दिसत. तुमच्या दादा-दादींना ते आठवत असतील. आता निळी काच डोळ्यांसमोर धरा. अशी काच पुष्कळदा तबकडीबरोबरच मिळते. काचेतून राखाडी, आकाशी, किरमिजी आणि निळा हे चार पट्टे उजळ दिसतात. बाकीचे तीन काळे दिसतात. असे का होते? त्या चार रंगांत निळा प्रकाश सारखाच असतो आणि बाकीच्या तिघांत तो नसतो. म्हणून राखाडी आणि निळा हे दोन पट्टे सारखेच उजळ दिसेपर्यंत ‘कलर’ कमी-जास्त करा. रंग बरोबर जुळतो.

आता आवाजाकडे वळू. मोठ्या होम थिएटरमध्ये बहुधा पाच स्पीकर आणि खोल आवाजाचा एक सबवूफर असतो. पात्रांचे बोलणे मुख्यतः मधल्या स्पीकरमधून येते. “काय म्हणाला तो?” असे दादी वारंवार विचारतात, तेव्हा दोष नेहमी त्यांच्या कानांचाच असतो असे नाही. मधल्या स्पीकरचा आवाज कमी ठेवलेला असू शकतो.

तबकडी प्रत्येक स्पीकरमधून पावसाच्या सरीसारखा आवाज एकामागून एक ऐकवते. तुम्ही नेहमीच्या जागी बसा आणि आवाज मोजण्याचे यंत्र कानाच्या उंचीवर धरा. सर्व स्पीकरांचा आकडा सारखा यावा. बहुधा तो ७५ डेसिबल ठेवतात. प्रत्येक स्पीकरचे अंतरही मोजा. आवाज एका सेकंदात सुमारे ३४३ मीटर जातो. म्हणून दूरच्या स्पीकरचा आवाज किंचित उशिरा पोहोचतो. ॲम्प्लिफायरमध्ये अंतरे भरली, की जवळच्या स्पीकरचा आवाज तेवढाच थांबवला जातो आणि सर्व आवाज एकाच वेळी कानी पडतात.

जुळवणी झाल्यावर चित्र आधी जरा फिके वाटेल. भडक रंगांची सवय झालेल्या डोळ्यांना असे वाटणारच. दोन-तीन दिवस ते तसेच राहू द्या. मग रात्रीच्या दृश्यातील झाडे, कपड्यांचे पोत आणि चेहऱ्यावरचे बारीक भाव तुम्हांला दिसू लागतील.

एखादी गोष्ट आवडणे वेगळे आणि ती बरोबर असणे वेगळे. डोळे आणि कान आपले मित्र आहेत, पण त्यांनाही मापाची साथ हवी.

स्वाध्याय

१. दुकानातील टीव्ही भडक का ठेवलेला असतो?
२. निळ्या काचेतून चारच पट्टे उजळ का दिसतात?
३. ‘आवडणे वेगळे आणि बरोबर असणे वेगळे’ हे तुमच्या अनुभवातील एक उदाहरण देऊन पाच वाक्यांत लिहा.