प्रथिन आहे, पण ते ‘चालू’ आहे का?

बाळापूर तालुक्यात पारसला औष्णिक वीजकेंद्र आहे, तरी दिवे जाणे आपल्याकडे कुणाला नवे नाही. वर्गातल्या वायरीकडे नुसते पाहून तिच्यात वीज आहे की नाही हे सांगता येत नाही. टेस्टर टेकवला आणि आतला बारीक दिवा लागला की मग कळते. पेशीतल्या प्रथिनांबाबत जीवशास्त्रज्ञांपुढे असाच पेच असतो. त्यांचा टेस्टर मात्र कारखान्यात घडत नाही; तो बहुधा सशाच्या रक्तातून मिळवावा लागतो.

पेशीच्या पृष्ठभागावर आलेला निरोप आतपर्यंत पोचवायला प्रथिनांची एक साखळी असते. तिच्यात ‘कायनेज’ या विकरांचे काम मोठे. एटीपीच्या रेणूतला फॉस्फेट गट काढायचा आणि दुसऱ्या प्रथिनाला जोडायचा, एवढेच ते करतात. पण त्यामुळे ते प्रथिन कामाला लागते. (काही प्रथिने उलट फॉस्फेट जोडल्यावर थांबतात, मुलांना हेही सांगावे.) स्नायूंतल्या ग्लायकोजेनचा अभ्यास करताना एडमंड फिशर आणि एडविन क्रेब्स यांना १९५०च्या दशकात ही युक्ती सापडली. त्याबद्दल त्यांना १९९२ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

गंमत अशी, की पुष्कळ कायनेज स्वतःही फॉस्फेट मिळाल्याखेरीज जागे होत नाहीत. ‘पी-३८’ या कायनेजचेच पाहा. ३६० अमिनो आम्लांच्या या साखळीत १८०व्या जागी थ्रिओनिन आणि १८२व्या जागी टायरोसिन आहे. या दोन्हींवर फॉस्फेट बसले की पी-३८ चालू. साऱ्या रेणूचे वस्तुमान सुमारे ४१,००० आणि दोन फॉस्फेटांनी पडणारी भर सुमारे १६०, म्हणजे अर्धा टक्काही नाही. एवढा फरक ओळखायचा कसा?

त्यासाठी प्रतिपिंडे वापरतात. १८० ते १८२ या जागांच्या आसपासचा, दहाबारा अमिनो आम्लांचा तुकडा प्रयोगशाळेत जुळवतात, तोही फॉस्फेट लावूनच. इतका लहान तुकडा सशाचे शरीर मनावर घेत नाही, म्हणून तो एखाद्या मोठ्या प्रथिनाला जोडून टोचतात. काही आठवड्यांनी सशाच्या रक्तद्रवात प्रतिपिंडे तयार होतात. पण ती सरमिसळ असतात. काहींना फॉस्फेटशी देणेघेणे नसते, नुसता तुकडा दिसला तरी ती चिकटतात. म्हणून रक्तद्रव आधी बिनफॉस्फेटच्या तुकड्यांनी भरलेल्या नळीतून सोडतात. नको असलेली प्रतिपिंडे तिथेच अडकतात. जे खाली उतरते ते फॉस्फेटयुक्त तुकड्यांच्या नळीतून सोडले, की नेमकी हवी ती प्रतिपिंडे धरली जातात, आणि ती सोडवून घेता येतात. आपल्या चाळणी आणि सुपाच्या कामासारखेच हे. आधी एक वगळायचे, मग दुसरे राखायचे.

एवढे करूनही त्यांच्यावर डोळे मिटून विश्वास ठेवत नाहीत. नमुन्याच्या एका भागावर फॉस्फेट काढून टाकणारे विकर सोडून पाहतात. तिथे खूण नाहीशी झालीच पाहिजे. शिवाय फॉस्फेट असो वा नसो, पी-३८ला चिकटणारे दुसरे प्रतिपिंडही सोबत वापरतात. ते नसेल तर खूण पुसट झाली याचा अर्थ प्रथिन बंद पडले की मुळात कमी झाले, हे ठरवता येत नाही. माझ्या मते सगळ्या पद्धतीत हीच तुलना सर्वांत शिकवण्याजोगी आहे. पेशी फोडल्याबरोबर तिचीच विकरे फॉस्फेट काढू लागतात, म्हणून सगळे काम बर्फावर आणि त्या विकरांना रोखणारी रसायने घालून करावे लागते. पडद्यावरच्या रिकाम्या जागा झाकायला एरवी दुधाची पूड चालते. इथे मात्र बरेच जण ती टाळतात, कारण दुधातल्या केसीनवरही फॉस्फेट असते!

आता पुण्याचे उदाहरण घेऊ. काळा आजार ज्या लीशमानिया गटातल्या परजीवींमुळे होतो, ते भक्षक पेशींच्या पोटातच राहतात आणि वाढतात. म्हणजे ज्याने चोराला धरायचे, त्याच्याच घरी चोराचा मुक्काम. भक्षक पेशीवरील सीडी-४० या प्रथिनातून ‘आतल्या जंतूला मार’ असा निरोप जातो. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातील भास्कर साहा आणि सहकाऱ्यांनी २००३ साली या गटातल्या लीशमानिया मेजरवर केलेले काम प्रसिद्ध केले. संसर्ग होऊन काही काळ लोटला, की सीडी-४०चे बटण दाबूनही उंदराच्या भक्षक पेशी परजीवींना नीट मारत नव्हत्या. पण बटण तर जागेवर होते. सीडी-४०चे प्रमाण बदललेलेच नव्हते. नुसती मोजदाद केली असती तर सारे ठीकठाक वाटले असते. बिघाड दिसला तो फॉस्फेट पाहिल्यावर: पी-३८वर ते नीट बसतच नव्हते. अॅनिसोमायसिन या रसायनाने पी-३८ चालू करून दिल्यावर पेशींची मारकशक्ती परत आली.

पुढच्याच वर्षी या गटाने दाखवले, की सीडी-४०मधून जोरकस निरोप गेला तर पी-३८चा मार्ग आणि लढाऊ प्रतिसाद. कमजोर गेला तर ईआरके नावाच्या दुसऱ्या कायनेजचा मार्ग आणि प्रतिकार मंदावणारा प्रतिसाद. परजीवी या दुसऱ्या मार्गाचा फायदा घेतो.