खड्डा वरच्यांचा, बाकडं आपलं

इंग्लंडमधल्या खेड्यांचा गावगाडा १८९४ च्या कायद्याने चर्चच्या हातून काढून निवडून आलेल्या पॅरिश कौन्सिलकडे सोपवला. सदस्य बिनपगारी, पगार बहुधा एकट्या क्लार्कला. पैसा येतो तो घरपट्टीतल्या छोट्याशा हिश्शातून.

रस्त्यातल्या खड्ड्यांची बोंब इथेच ठोकली जाते, पण रस्ते वरच्या कौन्सिलच्या अखत्यारीत. बांधकामाच्या अर्जांवरही नुसतं मत मांडायचं. हाती उरतात बाकडी, बसथांबे, दफनभूमी आणि कुत्र्यांच्या घाणीच्या तक्रारी!

लाल टेलिफोन बूथचं प्रकरण मात्र झकास. मोबाइलमुळे ओस पडलेले हे बूथ बीटी कंपनी २००८ पासून गावांना एका पौंडात देते. कुठे त्यात पुस्तकं मांडली आहेत, कुठे बंद पडलेल्या हृदयाला विजेचा झटका देणारं यंत्र बसवलं आहे.

आणि भांडणं? चेशायरमधल्या हँडफर्थच्या कौन्सिलची झूमवरची खडाजंगी फेब्रुवारी २०२१ मध्ये लाखो लोकांनी चवीने पाहिली. तिथे तर चक्क अध्यक्षांनाच बैठकीबाहेर काढलं होतं.